चोर्ल्याच्या चढणीला तापणारी पिकअप: कुठला पार्ट कंपनीचा, कुठला बाजारचा

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी शटर वर करतोय तोवर एक पिकअप दारात येऊन थांबली. बॉनेटच्या फटीतून गोडसर वासाची वाफ येत होती. मालक कडोली भागातले, भाजीचा धंदा करणारे. गाडी त्यांचा पुतण्या चालवतो.

"मिस्त्री, गाडी घाटात तापूलालीय. नवा रेडिएटर घालून दोन महिनं झालं न्हाईत," पुतण्या म्हणाला.

काकांनी उपाय आधीच ठरवून आणला होता. "हा काढून टाका आणि तीन रोचा तांब्याचा मोठा बसवा. परत बघायलाच नको." रो म्हणजे जाळीतली नळ्यांची ओळ.

गाडी दीड टन भाराची, चार सिलिंडरची टर्बो डिझेल, मीटरवर 1 लाख 40 हजार किलोमीटर. रात्री बाराच्या सुमारास कोबी, फ्लॉवर, मिरची भरायची, पिरनवाडीवरून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत साखळी, म्हापशाला माल टाकायचा. गोव्याच्या रोजच्या भाजीचा मोठा वाटा बेळगावातून जातो, त्यामुळे या रस्त्यावर अशा पिकअप रांगेने दिसतात. जाताना उतार असतो, रात्रीचा गारवा असतो, तापमानाचा काटा हलत नाही. त्रास परतीला. उन्हं वर आलेली, मागे नारळाची पोती, आणि केरी सोडल्यापासून चोर्ल्यापर्यंत सातशे मीटरांहून जास्त उंची दुसऱ्या गिअरमध्ये चढायची. वरच्या तीन-चार वळणांत काटा लाल पट्ट्याला टेकायचा. मग गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं, अर्धा तास बसायचं.

पार्टची चर्चा करण्याआधी मी काकांना एक हिशेब कागदावर मांडून दाखवला. गाडी आणि माल मिळून वजन तीन टन धरू. चढ शंभर मीटरला सात मीटर, वेग ताशी 20 किलोमीटर. एवढं ओझं वर ओढायला इंजिनाला साधारण 14 किलोवॅट ताकद चाकांना द्यावी लागते. डिझेल इंजिनात जेवढी ताकद चाकांना जाते, ढोबळमानाने तेवढीच उष्णता पाण्यात उतरते, उरलेली सायलेन्सरमधून जाते. म्हणजे घरातले दोन किलोवॅटचे सात गीझर एकदम चालू ठेवावेत एवढी उष्णता रेडिएटरच्या जाळीतून सतत बाहेर फेकायची. आणि ताशी 20 च्या वेगाला समोरून वारा कितीसा येणार? सपाट हायवेवर वारा रेडिएटरला फुकट मिळतो. घाटात सगळा भरवसा फॅनवर. म्हणून जी गाडी निपाणीपर्यंत ऐंशीने पळून तापत नाही आणि घाटात तापते, तिच्यात माझी नजर आधी फॅनकडे जाते, रेडिएटरकडे नंतर.

काकांना हे पटायला वेळ लागला, कारण पैसा रेडिएटरवर गेला होता आणि राग त्याच्यावरच होता.

गाडी थंड झाल्यावर तपासायला घेतली. पहिली निघाली रेडिएटरची दाब धरणारी कॅप. हातपंपाच्या टेस्टरवर लावली. तिच्यावर 0.9 बार छापलेलं, पण 0.4 लाच तिने दाब सोडून दिला. हा फरक किरकोळ वाटतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या आसपास आहे, त्यामुळे आपल्याकडे उघड्या पातेल्यातलं पाणी 100 अंशांना नाही, 97 अंशांच्या जरा वर उकळतं. चोर्ल्याच्या माथ्यावरही तेच. 0.9 बारची कॅप चांगली असेल तर इंजिनातलं साधं पाणी 117 अंशांपर्यंत उकळत नाही. 0.4 ला सोडणाऱ्या कॅपखाली ते 107 ला उकळायला लागतं. दहा अंशांची ढाल एका बिघडलेल्या रबरापायी गेली. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, तापलं की त्याच्या भिंतीला बुडबुडे धरतात, आणि जिथे बुडबुडा तिथे पाणी नाही. हेड वाकतं ते अशाच जागी.

दुसरं, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप, जागेवरच नव्हता. आधीच्या कुणी तरी काढून टाकला होता. ही समजूत आमच्याकडे फार जुनी: थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतला अडथळा, काढला की पाणी मोकळं फिरतं आणि गाडी गार राहते. या इंजिनात तसं होत नाही. याच्या थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. वरची झडप रेडिएटरकडची वाट उघडते, तेव्हा खालची चकती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसला तर बायपास कायम उघडा. पंपाने ढकललेल्या पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला शिवतच नाही, गरमच्या गरम परत इंजिनात येतो. आणि रात्री उताराला उलटा तोटा: इंजिन नीट तापतच नाही, डिझेल जास्त खातं, लायनर झिजतात.

तिसरं, निचरा केलेलं पाणी तपकिरी, चहासारखं. बोअरचं पाणी होतं ते. कूलंट एकदा सांडलं आणि मग वाटेत मिळेल ते भरत गेले.

चौथी गोष्ट बघून मात्र मी काकांना हाताला धरून गाडीखाली वाकायला लावलं. रेडिएटरच्या मागे फॅनभोवती प्लॅस्टिकचं श्राउड असतं. त्याचा खालचा अर्धा भागच नव्हता. नवा रेडिएटर बसवताना बोल्टचे कान जुळले नाहीत म्हणून कापून टाकला असावा, कापल्याच्या करवतीच्या खुणा ताज्या होत्या. श्राउड नसेल तर फॅन जाळीतून वारा ओढण्याऐवजी बाजूची मोकळी हवा घुसळत बसतो. निम्मा फॅन फुकट.

पाचवं, फॅनचं कपलिंग. हे व्हिस्कस कपलिंग. आत सिलिकॉनचं घट्ट तेल, पुढे गोल गुंडाळलेली दोन धातूंची पट्टी. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की पट्टी उलगडते, आतली वाट उघडते, तेल पसरतं आणि फॅन इंजिनाबरोबर जोराने फिरायला लागतो. इंजिन गरम करून बंद केलं आणि फॅन हाताने ढकलला. चांगलं कपलिंग हाताला जड लागतं, फॅन अर्ध्या-पाऊण फेऱ्यात थांबतो. हा पाच-सहा फेरे सहज फिरला. कपलिंगच्या कडेला तेलकट काळी रेघ, तिच्यावर धूळ चिकटलेली. तेल गळून गेलेलं.

हेडखालचं गॅस्केट फाटल्याची शंका राहू नये म्हणून थंड इंजिनावर कॅप काढून स्टार्ट करून पाहिलं. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे नाहीत; कॅप लावल्यावर वरचा होज, म्हणजे रबरी नळी, लगेच कडक होत नाही. हेड वाचलं होतं. पंपाचं बेअरिंगही ठीक, गळतीच्या भोकाला ओल नाही.

आता तो नवा लोकल रेडिएटर. होजच्या नळ्यांवर काळी टेप लावून तापमान मोजलं. चकचकीत धातूवर इन्फ्रारेड गन खोटं सांगते, टेपवर खरं. गाडी उभी, इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांवर. आत जाणारं पाणी 98, बाहेर येणारं 93. फक्त पाच अंशांचा उतार आणि दोन्ही टोकं गरम. उतार मोठा असता, म्हणजे खालचा होज गार आणि वरचा उकळता, तर पाणी कमी फिरतंय असं म्हणालो असतो आणि पंप उघडला असता. इथे पाणी फिरतंय, हवाच उष्णता उचलत नाही. ही खूण निम्मं निदान करते.

मग स्पेअरच्या दुकानात गेलो. काउंटरवर कंपनीचा रेडिएटर खोक्यातून काढायला लावला आणि फूटपट्टी ठेवून फिन, म्हणजे जाळीतल्या पातळ पत्र्या, मोजल्या. कंपनीच्या जाळीत इंचाला 14, गाडीवरच्या लोकलमध्ये 10. जाळीची जाडीही लोकलची जवळपास पाव इंच कमी. बाहेरून रंग तोच, टाक्या त्याच, स्टिकर तर जास्त झळझळीत.

काकांना म्हटलं, बघा, "लोकल" या एका शब्दाखाली आपण चार वेगळ्या वस्तू एकत्र बांधतो. एक, गाडी कंपनीच्या खोक्यातला पार्ट. दोन, कंपन्यांना माल पुरवणाऱ्या कारखान्याचाच, पण त्याच्या स्वतःच्या खोक्यात बाजारात आलेला. बडोद्याची बँको रेडिएटर गाडी कंपन्यांनाही देते आणि बाजारातही विकते, तसं. तीन, स्वतःच्या नावाने मापं बघून बनवणारे छोटे कारखाने, त्यात चांगलेही आहेत आणि वाईटही. चार, दुसऱ्याचं नाव छापलेला डुप्लिकेट. दुसऱ्या आणि चौथ्या मालाला एकच नाव दिलं की चांगल्याचा अपमान होतो आणि खोट्याचं फावतं.

आपल्या बेळगावात तर हे जास्त कळायला हवं. उद्यमबागेत ओतकाम आणि मशीनिंग करून देशभरच्या इंजिनांचे भाग बनवणारे कारखाने आहेत. त्यातून निघालेला नग कंपनीच्या खोक्यात गेला की "ओरिजिनल" आणि साध्या खोक्यात गेला की "लोकल", असं म्हणणं त्या कामगारांवर अन्याय आहे. पण दर्जा तपासून बाहेर पडलेला माल आणि तपासणीत नापास होऊन मागच्या दाराने बाहेर पडलेला माल हेही एक नाही.

मी निवड करताना पार्टचं खोकं बघत नाही. दोन गोष्टी विचारतो. हा पार्ट खराब असेल तर मला तो टेबलावरच ओळखता येईल का? आणि रस्त्यावर गेला तर आधी सूचना देईल की गुपचूप जाईल? रेडिएटर टेबलावर मोजता येतो: फिन, जाडी, नळ्या, टाकी जाळीला जिथे दुमडून धरलेली असते ती घडी, कानांची जागा. गेला तर आधी थेंब पडतो, हिरवा-गुलाबी डाग दिसतो. म्हणून तिथे दुसऱ्या प्रकारचा बाजारचा माल मला चालतो. कपलिंगचं तसं नाही. ते किती अंशांना धरेल हे बघून कळत नाही, आणि ते बिघडलं तर काटा चढेपर्यंत कुणाला समजत नाही.

तीन रोच्या तांब्याला मी नको म्हटलं, आणि का ते सांगितलं. तांबं अॅल्युमिनियमपेक्षा उष्णता चांगली वाहून नेतं हे खरं. पण जुन्या पद्धतीच्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरमध्ये फिन आणि नळी यांच्यामध्ये शिसं-कथलाचा डाग, म्हणजे सोल्डर असतो, तो उष्णतेला आडवा येतो. अॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद, चपट्या करता येतात आणि फिन भट्टीत त्यांना एकजीव जोडलेल्या असतात. त्यात जाळी जाड केली की हळू वेगाला तिच्यातून हवा ओढणं फॅनला जड जातं. ज्या गाडीचा फॅनच अर्धा मेलेला, तिला जाड जाळी देणं म्हणजे दमेकऱ्याच्या तोंडावर दुसरा रुमाल बांधणं. शिवाय वजन आणि ब्रॅकेट कापाकापी. तांब्याच्या रेडिएटरचा एक मोठा गुण मी मान्य करतो, तो आपल्याकडचा रेडिएटरवाला गल्लीत बसून डाग मारून दुरुस्त करतो. प्लॅस्टिक टाकीच्या अॅल्युमिनियमला ते जमत नाही. ज्यांची गाडी आडगावात फिरते त्यांनी हा विचार जरूर करावा.

थर्मोस्टॅटबाबत पुतण्याच्या मनात शंका होती, म्हणून त्याच्यासमोर पातेलं ठेवलं. दुकानातून दोन आणले, एक कंपनीचा, एक बाजारचा स्वस्त. दोन्हींवर 82 कोरलेलं. दोऱ्याला बांधून पाण्यात सोडले, बुडाला टेकू दिले नाहीत, शेजारी थर्मामीटर. 82 ला कंपनीच्या झडपेखालून केसाएवढी फट दिसली. स्वस्तवाला गप्प. 85, 87. तो 89 ला हलला. 95 ला कंपनीचा आठ मिलिमीटर वर, दुसरा जेमतेम पाच. पुतण्या पातेल्यावर वाकून बघत होता, वाफेने त्याचा चष्मा धुरकट झाला तरी हलला नाही. त्यानेच मग काकांना फोन करून सांगितलं, "हा कंपनीचाच घालायचा." ही परीक्षा कुणालाही घरच्या गॅसवर करता येते. थर्मोस्टॅटचा आणि कॅपचा कंपनीचा भाव अर्धा-पाऊण किलो कुंद्याच्या भावाएवढा असतो, तिथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

असं ठरलं: कॅप, थर्मोस्टॅट, कपलिंग आणि श्राउड कंपनीचं. रेडिएटर कंपन्यांना पुरवणाऱ्या कारखान्याचा, बाजारच्या खोक्यातला. फिन 14, जाडी बरोबर, कान जागेवर, किंमत कंपनीच्या खोक्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. पंप आहे तोच. होज वरचा-खालचा दोन्ही नवे, बाजारचे चालतील, फक्त खालच्या होजमध्ये स्प्रिंग हवी, नाहीतर पंपाच्या ओढीने तो चपटा होतो.

इथे माझ्याकडून चूक झाली. कंपनीचं कपलिंग बेळगावात शिल्लक नव्हतं, यायला सहा दिवस लागणार होते. काकांचा माल रोजचा, कोबी थांबत नाही. त्यांनी गळ घातली आणि मी बाजारचं एक कपलिंग बसवलं. गॅरेजमध्ये गरम करून हाताने ढकललं तेव्हा ते चांगलं जड लागलं. मला बरं वाटलं. वर जे लिहिलंय, की कपलिंग टेबलावर कळत नाही, ते मला तेव्हाही माहीत होतं. तरी बसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुतण्याचा फोन आला, घाटातूनच. केरी सोडल्यावर काटा मध्यावर होता. वरच्या वळणांवर तो पाऊणच्या पुढे गेला, मग फॅनचा मोठा आवाज सुरू झाला आणि काटा झरझर खाली आला. थोड्या वेळाने पुन्हा वर, पुन्हा आवाज. म्हणजे कपलिंग धरत होतं, पण उशिरा. त्याची पट्टी जास्त तापमानाला लावलेली होती. बहुतेक दुसऱ्या कुठल्या गाडीचं माप या खोक्यात भरलेलं. मी त्याला हीटर पूर्ण गरमवर लावायला, एअर कंडिशनर असेल तर बंद ठेवायला आणि सावलीत इंजिन चालू ठेवून उभं राहायला सांगितलं. तापलेलं इंजिन फटकन बंद केलं की पंप थांबतो आणि हेडमधलं पाणी जागच्या जागी उकळतं. आणि कॅपला हात लावायचा नाही, कितीही घाई असली तरी. दाबाखालचं पाणी कॅप सुटताक्षणी वाफ होऊन अंगावर येतं. माझ्या ओळखीत दोघांचे दंड आणि गळा भाजलेत.

गाडी सुखरूप आली. संध्याकाळी मी काकांच्या घरी गेलो आणि सांगितलं की हा निर्णय माझा चुकला, कपलिंगचे पैसे घेणार नाही, आणि कंपनीचं येईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. पाच दिवस त्यांनी माल भावकीतल्या एकाच्या गाडीतून पाठवला. भाड्याचा भुर्दंड त्यांना पडला. ते काही बोलले नाहीत, पण मला ते लागलं. गिऱ्हाईक घाई करणारच, त्याचा माल नासतो. थांबा म्हणायचं काम मिस्त्रीचं.

कंपनीचं कपलिंग आलं त्या दिवशी सगळं पुन्हा नीट केलं. आधी साध्या पाण्याने तीनदा धुऊन तपकिरी गाळ काढला. मग कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं. इथे एक गैरसमज: कूलंट म्हणजे पाण्यापेक्षा जास्त गार करणारं औषध नव्हे. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणीच सरस आहे. कूलंट गंज आणि क्षार धरू देत नाही, पंपाचं सील जपतं आणि उकळण्याचा अंश वर नेतं, म्हणून ते घालायचं. रंगावर जाऊ नये, हिरवं-गुलाबी हा कारखान्याचा मामला आहे; वेगळ्या जातीची दोन कूलंट मिसळली तर आतली औषधं एकमेकांना मारतात. भरताना गाडीचं तोंड रॅम्पवर उंच केलं, हीटर उघडा ठेवला, वरचा होज हाताने दाबत हवा काढली. थर्मोस्टॅटची छोटी पिन वरच्या बाजूला ठेवून बसवला, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघते.

त्याच टेपवर, त्याच 2000 फेऱ्यांवर पुन्हा मोजलं. आत जाणारं पाणी 88, बाहेर येणारं 78.

चाचणीला मी स्वतः गेलो. मागे नारळाची पोती, दुपारचे दोन, केरीपासून वर. पुतण्याला म्हटलं, नेहमीसारखी चालव. ज्या वळणावर तो थांबायचा तिथे कडेला काळे डाग पडले होते, त्याने सांडलेल्या पाण्याचे. त्याच्या जरा आधी फॅनचा आवाज वाढला, खालून सोसाट्याचा वारा सुटल्यासारखा, आणि मिनिटभराने उतरला. काटा मध्याच्या रेघेवरून सुईभर हलला आणि परत आला. कणकुंबीला चहाला थांबलो तेव्हा पुतण्याने खिशातून मार्कर काढला आणि काटा जिथे होता तिथे मीटरच्या काचेवर बारीक रेघ ओढली.

जुलैमध्ये तो पुन्हा आला. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात रस्त्यावरचा लाल चिखल जाळीत बसला होता. मागच्या बाजूने, फॅनकडून पुढे, हलक्या धारेच्या पाण्याने जाळी धुतली. वॉशिंगच्या गनने धुतली तर फिन दुमडतात. कपलिंगच्या कडा कोरड्या होत्या. कॅप टेस्टरवर लावली, 0.9 ला सुटली. खालच्या टाकीच्या घडीशी मात्र एका जागी गुलाबीसर डाग दिसला, नखाएवढा. पुसून खडूने खूण केली, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायला सांगितलं. घडीचं गॅस्केट असेल तर वॉरंटीत बदलून मिळेल, त्याचं बिल काकांनी जपून ठेवलंय.